मोहरीचा राब

पोलादपूर
रविवार, ५ मे २०२४

चि. नूतन हिस,

अनेक आशीर्वाद. आज ते प्रत्यक्षात चार-पाचच निघतील, पण पत्राची रीत मोडू नये म्हणून 'अनेक' लिहिले आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असे म्हणशील. फोनवर माझा आवाज चढला की तुझी मीटिंग सुरू होते. पत्राला मीटिंग सांगता येत नाही. ते टेबलावर ठाण मांडून बसते, आणि आज मला तुझ्या टेबलावर ठाण मांडून बसायचे आहे.

शाळेला सुट्टी लागली, म्हटले दोन दिवस काकीच्या हातची भाकरी खाऊन यावी. म्हणून काल पांगारकोंडीला, आपल्या सात घरांच्या वाडीत गेलो. वाटेत खालच्या शेतावर थांबलो. तुझी मोहरी मार्चमध्ये कापून पंपाच्या खोपीशेजारी रचली होती. वर निळी ताडपत्री, भोवती काथ्या, समोर लोखंडी फलक. फलक जागेवर आहे. काथ्याही आहे. ताडपत्री काकीच्या गोठ्यावर आहे. मोहरी कुठेही नाही.

मोहरीचे काय झाले असे विचारताच काकी मला मोठ्या कौतुकाने वर घेऊन गेली. देवाच्या टेकाडाखाली तरव्याची, भाताची रोपे करायची जागा आहे ना, जिथे भाजवळीच्या राखेत रताळी पुरून तू आणि मी तोंडे काळी करून घेत असू, तिथे. तीन गुंठे जमीन काळीभोर झाली आहे. खाली शेण, त्यावर तुझी मोहरी, त्यावर गवत, त्यावर मातीचा हात आणि वाऱ्याच्या उलट्या तोंडाने विस्तव. यंदा ऐन-किंजळाच्या फांद्या तोडायला मनाई झाली, पाला मिळेना, म्हणून साती घरांनी मिळून एकच तरवा भाजायचे ठरवले. आणि खाली तर वाळून खडखडीत झालेला ढीग सात आठवडे बेवारशी पडला होता. दहा वर्षांत असा राब जमला नव्हता, रोपे कशी तरारून येतील बघ, असे ती म्हणाली. माझे मौन तिने पसंतीचे धरले.

आता उजळणी करू. विद्यार्थी ऐनवेळी विसरतात हे माझ्या तीस वर्षांच्या अनुभवाचे सार आहे. दोन वर्षांपूर्वी याच बायकांना अंगणवाडीत बसवून तू सांगितलेस, की औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीचे सांडपाणी पऱ्याच्या ओढ्यात सुटते आणि त्याने आपल्या खालच्या वीस गुंठ्यांच्या मातीत शिसे आणि कॅडमियम साठले आहे. मोहरी ते मुळांनी ओढते आणि देठापानांत साठवते. पीक कापून दूर नेले की तेवढे विष गेले. आठ-दहा हिवाळे असे केले की शेत पुन्हा भाताचे. बायकांना पटले. मलाही पटले, आणि मी सहसा कोणाला पटून घेत नाही.

तर नूतन, पीक दूर नेलेले आहे. भारे डोक्यावर घेऊन, चढ चढून, कोंडीत जी निर्मळ जमीन उरली होती तिच्यावर नेले आणि जाळले. मोहरीने हिवाळाभर खपून जे मातीतून वर काढले, ते आपल्या माणसांनी एका दुपारीत आपल्या उद्याच्या ताटाखाली पेरले.

गाडी कुठे आहे? कापणी झाली की चौथ्या दिवशी कंपनीची गाडी येईल आणि ढीग घातक कचरा पुरतात तिथे नेईल, असे ठरले होते ना? फीत कापायला कंपनीच्या तीन गाड्या आल्या होत्या. त्यांतली एक नुसती समोशांची होती. समोशांना गाडी मिळते, विषाला मिळत नाही, याचे शास्त्र तू मला समजावून दे.

पंधरा-वीस दिवसांत काकी भात पेरेल. त्या तरव्यातली रोपे साती घरांच्या वरच्या खाचरांत जातील, उरलेल्या रोपांच्या मुठी तिच्या लेकींच्या सासरी जातील. पेरू द्यायचे की नाही, एवढे एका ओळीत कळव.

लोभ असावा असे आज लिहीत नाही. तो आहे, म्हणूनच एवढा संताप झाला आहे.

तुझा,
सुधीरदादा


पुणे
गुरुवार, ९ मे २०२४

ती. दादास,

साष्टांग नमस्कार.

एका ओळीत: पेरू देऊ नकोस.

आता बाकीच्या ओळी. मार्चमध्ये आम्ही देठांची तपासणी केली होती. खालच्या मातीत जेवढं कॅडमियम आहे, त्याच्या कितीतरी पट देठांत होतं, आणि जाळल्यावर जे उरतं त्यात ते आणखी दाटतं. त्या जागेवरची राख आणि तिच्याखालची दोन बोटं माती खरवडून पोत्यांत भरावी लागेल. आधी पाणी शिंपडायचं, नाकातोंडाला फडकं बांधायचं, लहान मुलांना जवळ फिरकू द्यायचं नाही. मी जाड पोती आणि हातमोजे पार्सलने पाठवते आहे. भाजताना धुरात कोण कोण उभं होतं त्यांची नावं कळव, सगळ्यांचं रक्त तपासून घेऊ. हे वाचून तू घाबरशील. मीही घाबरले आहे.

गाडीचं विचारतोस. मार्चपासून कंपनीला मी चार पत्रं लिहिली. चारही वेळा उत्तर आलं की प्रस्ताव विचाराधीन आहे. आमच्या संशोधन संस्थेच्या संचालकांनी काल मला केबिनमध्ये बोलावून समजावलं, की पुढच्या टप्प्याची मंजुरी याच कंपनीकडे अडकली आहे, तेव्हा या भाजवळीबद्दल जे बोलायचं ते फोनवर बोल, कागदावर काही आणू नकोस. म्हणून मी हे कागदावर लिहिते आहे. हे पत्र जपून ठेव. तुझ्या चिडण्यामुळे मला पत्राची आठवण झाली, एवढे उपकार मान्य.

पण दादा, फलकाबद्दल तू किती सहज लिहून गेलास! फलक जागेवर आहे म्हणे. असणारच, लोखंडी आहे. मी तुला गेल्या वर्षी चिठ्ठीत काय मजकूर पाठवला होता, आठवतं? हा पाला विषारी आहे, नेऊ नका, जाळू नका, गुरांना घालू नका. एवढंच. तू कळवलंस की सार्वजनिक फलकाला ही भाषा शोभत नाही, थोडी प्रौढ करतो. मी कामात होते, हो म्हटलं. आज फलकाचा जुना फोटो शोधून पुन्हा वाचला. तुझ्या वाचनासाठी उतरवून देते:

'सूचना: प्रस्तुत क्षेत्रातील धातुसंपृक्त वनस्पत्यवशेषांचे अपनयन, ज्वलन तथा पशुखाद्यार्थ विनियोजन सर्वथा निषिद्ध.'

हे काकीने वाचायचं होतं! चौथीनंतर शाळा सुटलेल्या बयाबाईने वाचायचं होतं! मी एम.एस्सी. असून मला दोनदा वाचावं लागलं.

तुला एकट्याला बोलत नाही. दोन वर्षं मी त्या बायकांना मुळं, देठ, धातू सगळं शिकवलं आणि भाजवळीचं नाव एकदाही काढलं नाही. वाळलेला पाला दिसला की आपल्याकडे माणसाला दुसरं काय सुचतं? त्याच राखेतली रताळी खाऊन मी मोठी झाले, आणि माझ्या तीस पानी आराखड्यात राब हा शब्द नाही.

राग तुझ्यावर थोडा, माझ्यावर बराच, आणि उरलेला सगळा विचाराधीन लोकांवर. त्यातला तुझा वाटा कमी होईल असं काहीतरी कर, म्हणजे माया आपोआप जागेवर येईल.

तुझी,
नूतन


पांगारकोंड
१५ मे

चि. नूतन नि चि. सुधीर, दोघांना धोंडूकाकीचा आशीर्वाद.

(लिहिणारी मैना, अंगणवाडी सेविका. काकी बोलतात तसंच लिहायचं, सुधारायचं नाही, अशी मला ताकीद आहे. सुधारलेलं लिहून काय होतं ते बघितलं, असं त्या म्हणाल्या.)

पत्र येकच धाडते. मैनानं दोन परती काढल्यात. चूक पण तशीच दोघांनी वाटून घ्या.

सुधीर परवा आला नि खाली मान घालून सांगून गेला, का राबात विष हाय. मी बोलले, मंग तो फलक कशाला रोवला व्हतास रे? आरं, तुजं वळणदार अक्षर, त्यात संस्कृत. आमाला वाटलं शेत बरं व्हावं म्हणून काय मंत्रबिंत्र लिवलान. दसऱ्याला मी त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. बयाबाई तर येता-जाता हात जोडायची. इषाच्या पाटीला आमी सा-सात महिने हात जोडले. तू तवा येऊन-जाऊन व्हतास. पाटीवर कुंकू कशाला, आसं येकदा तरी इचारायचंस!

नि नूतन गो, तू बोललीस मोहरी माती साफ करते. आमच्यात केरसुणीला लक्षुमी बोलतात. साफ करणारी वस्तू इखारी आसंल आसं कोणाच्या मनात येईल? गुरांना घालू नको येवढं तू बोलली व्हतीस, ते मी पाळलं. येक काडी गुरांना घातली नाय. म्हणून तर सगळी राबाला उरली.

आता दोन बोटं माती काढा बोलतेस. दोन बोटं म्हंजे किती ते ठाव हाय? माज्या आजेसासूपासून राख नि शेण घालून घालून ती जागा झाली हाय. खाली कातळ हाय. तू पुण्यात बसून दोन बोटं बोलतेस, हितं चार जणींचा जलम हाय त्या दोन बोटांत. नि काढून टाकायची कुठं? पऱ्यात टाकू? म्हंजे खालच्या गावाला जाईल. आमच्याकडं आलं तसं आमी पुढं ढकलू? तसं मला जमायचं नाय.

भारे उचला मी बोलले व्हते, म्हणून बयाबाई माज्याशी बोलत नाय. तिच्या नातवंडांनी राखेत रताळी भाजून खाल्ली. मी पण येक खाल्लं. धुरात मी, बयाबाई, आनंदीबाई नि रंगूबाई व्हतो. मला खोकला हाय, पन तो मागचा हाय.

माती मी काढीन. येकटी काढीन कोणी नाय आलं तर. पन पोती पार्सलनं धाडू नको. तू ये. फावडं धर. आमच्याकडून कागदावर सह्या घेतल्या तवा आलीवतीस ना? आता पन ये.

(इथे काकी कंपनीच्या साहेबांबद्दल थोडा वेळ बोलल्या. ते अंगणवाडीच्या कागदावर लिहिण्याजोगं नाही.)

जेवून-खाऊन ऱ्हावा. रागावले तरी तुमचीच हाय. सही माजी मी केली हाय.

धोंडूबाई


पोलादपूर
मंगळवार, २१ मे २०२४

चि. नूतन हिस,

आशीर्वाद, या वेळी मोजून देत नाही.

काकीच्या पत्राची माझी प्रत मी खणात ठेवली आणि तीन वेळा काढून वाचली. तिला जे माहीत नाही ते तुला सांगतो. दसऱ्यानंतर मी शेतावर गेलो तेव्हा फलकावरचे कुंकू पाहिले होते. माळही पाहिली होती. मला वाटले, चला, कोंडीत शिक्षकाच्या अक्षराला अजून मान आहे. मी सुखावून घरी आलो, नूतन. सुखावून.

असो. स्वतःवर चिडून झाल्यावर जो राग उरला, तो घेऊन शुक्रवारी वसाहतीत गेलो. कंपनीच्या फाटकावर सुनील भेटला. माझाच विद्यार्थी, संस्कृतात पस्तीस, तेही माझ्या कृपेने. त्याने त्या कृपेची परतफेड म्हणून मला आत सोडले. पर्यावरण विभागाचे साहेब तरुण आहेत, गार हवेत बसतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसतात. मी भाजवळ सांगितली, तरव्याचे सांगितले, रताळ्याचे सांगितले. पेरणीआधी राख उचलायला गाडी द्या म्हटले. त्यांनी ऐकून घेतले आणि खूप वाईट वाटल्याचे सांगितले. मग संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझा फलक.

कंपनीने स्थानिक भाषेत स्पष्ट लेखी सूचना लावलेली होती, असे ते म्हणाले. ती असताना ग्रामस्थांनी पाला नेला, तेव्हा जबाबदारी ग्रामस्थांची. तसे त्यांच्या कायदा विभागाचे मतही आले आहे. आणि एवढ्यावर न थांबता ते म्हणाले, की मजकूर कोणी लिहिला माहीत नाही, पण भाषा फार सुंदर आहे, हल्ली असे मराठी वाचायला मिळत नाही. तीस वर्षे शिकवतो आहे. माझ्या भाषेची इतकी मनापासून स्तुती आजवर कोणी केली नव्हती. खुर्चीसकट त्या गार फरशीत गडप व्हावे असे वाटले.

मग मी एक काम केले. वहीचे पान काढले आणि साहेबांना विनंती केली, की भाषा एवढी आवडली आहे तर अर्थही सांगावा. ते हसले. पुन्हा वाचले. मग हसणे थांबले. थोडा विचार करून त्यांनी सांगितले, की धातूच्या वस्तू शेतात टाकू नयेत आणि झाडे वाचवावीत, असा एकंदर आशय दिसतो. मी तो आशय तारीख घालून लिहून घेतला.

बाहेर येऊन फलकाचा मजकूर वहीत उतरवून सुनीलला वाचायला लावला. ही जागा देवस्थानाची आहे, असे तो म्हणाला. फाटकासमोर प्रयागबाईंची चहाची टपरी आहे. त्यांनी चष्मा पुसून वाचले आणि कोणाचे तरी श्राद्ध आहे का, असे विचारले. ग्रामसेवक म्हणाले, गुरे चारायला परवानगी दिली आहे. आमच्या मुख्याध्यापकांनी पहिले तीन शब्द बरोबर सांगितले आणि मग त्यांना फोन आला. अकरा माणसांना विचारले, अकराही उत्तरे सह्यांसकट घेतली. बरोबर एकही नाही. अकरापैकी सात माझे माजी विद्यार्थी. म्हणजे यातही पाप माझेच.

शनिवारी त्या अकरा उत्तरांना माझे निवेदन जोडले. त्यात लिहिले आहे: सदर फलक मी, सुधीर उतेकर, संस्कृत शिक्षक, याने लिहिला; तो कोणालाही समजत नाही; समजावा असा तो लिहिलाच नव्हता, मिरवावा म्हणून लिहिला होता; तेव्हा त्याला सूचना मानता येणार नाही. कंपनी, पंचायत, तहसील आणि प्रदूषण मंडळ अशा चार प्रती रजिस्टर्ड पोस्टाने गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा समास न वापरता काही लिहिले. हाताला फार जड गेले.

पण निवेदनाने राख उचलली जात नाही. काकीने काल एकटीने पाणी शिंपडून खरवडायला सुरुवात केली. पदर नाकाला बांधून सकाळपासून दुपारपर्यंत, ओणवी. मी फावडे घ्यायला गेलो तर म्हणाली, तू लिहिण्याचे काम कर, ते तुला छान जमते. मी फावडे घेतले. नूतन, पाच तास ती पुढे आणि मी मागे खरवडत होतो.

तू ये. तिच्या पत्राला पार्सल हे उत्तर नाही.

तुझ्या येण्याची वाट पाहणारा आणि हाताला फोड आलेला,
दादा


पुणे
शनिवार, २५ मे २०२४

ती. दादास,

नमस्कार. घाईत लिहिते.

तुझ्या निवेदनाची पाचवी प्रत मी आमच्या संचालकांच्या टेबलावर ठेवली, आणि तिच्याखाली माझा अहवाल, संस्थेच्या कागदावर, सही-शिक्क्यासह. देठांचे आकडे, तू कुरिअरने पाठवलेल्या राखेचे आकडे, गाडीसाठीची चारही पत्रं, आणि माझी चूक, राब न विचारल्याची, स्वतंत्र परिच्छेदात. कंपनीलाही गेला आणि मंडळालाही. संचालक शांतपणे म्हणाले की पुढच्या टप्प्यात माझं नाव राहणार नाही. मी म्हटलं, पुढचा टप्पा फावड्याचा आहे, तिथे माझं नाव आधीच लागलंय.

शनिवारी, एक तारखेला सकाळी पोचते. सोबत प्लास्टिकचा कागद आणि बियाणं आणते. यंदा राब नको, तरवा खळ्यातच करू: कागदावर दोन बोटं चांगली माती आणि शेणखत पसरून त्यावर चटईसारखी रोपं वाढवायची. काकीला आत्ताच सांगू नकोस, ती हसेल. तिला मी समोर असताना हसू दे.

रागाचा तुझा वाटा फिटला. आता माया घे.

नूतन


पोलादपूर
शुक्रवार, १४ जून २०२४

चि. नूतन हिस,

अनेक आशीर्वाद. या वेळी खरेच अनेक, काकीचेही त्यांत मिसळले आहेत.

तू तीन तारखेला गेलीस तेव्हा पोती गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली होती. चारशेच्या वर. तू, मी, मैना आणि साती घरच्या बायका, तीन दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी बयाबाई खोरे घेऊन आली आणि काकीच्या शेजारी ओणवी झाली, ते तू पाहिलेस. त्यानंतर त्या दोघी ज्या बोलू लागल्या आहेत त्या अजून थांबलेल्या नाहीत. त्यांच्या रक्ताचे अहवाल आले की मला आधी कळव. काकीचा खोकला मागचा आहे असे ती अजूनही म्हणते. मी मान डोलावतो.

तरव्याच्या जागेत खरेच कातळ निघाला. तिथे पाऊल टाकले की चपलेचा आवाज होतो. काकी रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभी राहते आणि परत येते. त्याबद्दल मी काही विचारत नाही आणि तूही विचारू नकोस.

आता पोत्यांचे. कंपनीचे उत्तर आले: आमचे निवेदन मिळाले, विषय विचाराधीन आहे. मी ते काकीला वाचून दाखवले. विचाराधीन म्हणजे काय, असे तिने विचारले. मी म्हटले, म्हणजे नाही, पण हसून. ती उठली, तोंड धुतले आणि बयाबाईच्या भाच्याला टेम्पो घेऊन बोलावले.

सोमवारी आठ खेपा झाल्या. पोती शिवलेली, दोन-दोन थरांची, तू शिकवलेस तशी. कंपनीच्या फाटकाच्या बाहेर, रस्ता मोकळा सोडून, शिस्तीत रचली. सुनील धावत आला, नोकरी जाईल म्हणाला. काकीने त्याला सांगितले की तू अडवलेस असे सांग, मी ऐकले नाही असे सांग, दोन्ही खरे आहे. त्याने अडवले, तिने ऐकले नाही, आणि मग तो पोती सरळ करायला लागला.

फलक मीच रंगवला. आपलाच जुना, उपटून आणून, वरून पांढरा हात देऊन. काकी शेजारी उभी राहून सांगत होती आणि मी लिहीत होतो. एका ठिकाणी माझा हात थांबला, सवयीने. तिने नुसते पाहिले. मी पुढे लिहिले. वळणदार अक्षरात, एक काना न बदलता:

'ह्या पोत्यांत विष हाय. जाळू नका. गुरांना घालू नका. पोरांना शिवू देऊ नका. आमचं नाय, तुमचं हाय. घेऊन जा.'

तीनची पाळी सुटायच्या वेळेला बस आली. ड्रायव्हरने खिडकीतून वाचले आणि बस थांबवली. मोटारसायकली थांबल्या. आत जाणारे थांबले, बाहेर येणारे थांबले, वाचता न येणाऱ्यांना वाचता येणाऱ्यांनी वाचून दाखवले. प्रयागबाई टपरी सोडून आल्या. या वेळी श्राद्ध कोणाचे ते त्यांना बरोबर कळले, असे त्या मोठ्याने म्हणाल्या. कामगार विचारू लागले, की हे पोत्यात बांधायचे असेल तर आम्ही रोज आत कशात उभे राहतो? कोणी घोषणा दिल्या नाहीत. शे-दीडशे माणसे नुसती उभी राहिली आणि फाटकाकडे बघत राहिली. मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही आरडाओरड्यापेक्षा ते भयंकर होते.

जवळजवळ तीन महिने जी गाडी विचाराधीन होती, ती पावणेदोन तासांत आली. एक नव्हे, दोन डंपर. पोती मोजून घेतली, तू छापून दिलेल्या पावतीवर सही केली. काकी शेवटचे पोते चढेपर्यंत हलली नाही. मग डंपरमागून आलेल्या साहेबांना तिने सांगितले, की खालच्या शेतात पुढच्या हिवाळ्यात मोहरी पुन्हा लावायची आहे, शेत तिला भाताचेच हवे आहे. पण कोयता तेव्हाच लागेल, जेव्हा त्यांची गाडी बांधावर इंजिन चालू ठेवून उभी असेल. तीन वेळा म्हणून घेतले त्यांच्याकडून. वर्गात मला कधी जमले नाही असे पाठांतर.

तुझ्या नसलेल्या टप्प्याचे काय व्हायचे ते होवो. खळ्यातला तुझा प्लास्टिकचा तरवा बोटभर हिरवा झाला आहे. काकी त्याला पुणेरी तरवा म्हणते, दिवसातून दहा वेळा हसते आणि अकराव्यांदा पाणी घालते. साती घरांना पुरेल असे दिसते. लेकींच्या सासरी यंदा मुठी जाणार नाहीत. आधी भात तपासायचे, मग द्यायचे, असे तिचे तिनेच ठरवले आहे.

एक सांगायचे राहिले. डंपर निघाल्यावर साहेब फलकासमोर आले आणि नोंदीसाठी म्हणून त्याचा फोटो काढला. मी शेजारीच उभा होतो, हाताला रंग लागलेला. त्यांनी मजकूर वरपासून खालपर्यंत एकदा वाचला, माझ्याकडे पाहिले, आणि भाषेबद्दल काहीही बोलले नाहीत.

माया जशी आहे तशीच ठेव, तिला प्रौढ करू नकोस.

तुझा,
सुधीरदादा